आंबट सफरचंदांची तीन झाडं

कासाईंनी पेचकसाने लाकडी खोक्याची वरची फळी उचकटली, आतली सफरचंदं पाहिली, आणि त्यांना नारुमीचं पत्र आठवलं. मागच्या नोव्हेंबरात आलेलं. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

आठवलं म्हणणं तसं खरं नव्हे. आठवायला आधी विसरावं लागतं. पत्र मोठ्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात होतं, आणि हिरोसाकीच्या वाचनालयात एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस कुठला कागद कुठे ठेवला ते विसरत नाही. फार तर तो खंड उघडायचं टाळतो. गेले कित्येक महिने, ज्या शब्दांचे अर्थ तिसऱ्या खंडात होते, ते शब्द कासाईंनी अर्थाविनाच चालवून घेतले होते.

सफरचंदं लहान होती, देठाच्या खळग्यापर्यंत गडद लाल. कोग्योकु जातीची. नुसती खाल्ली तर दात आंबतात, म्हणून हल्ली बाजारात ती फारशी कुणी मांडत नाही. गिऱ्हाइकाला मोठं, गोड, कापल्यावर आत मध साठल्यासारखं दिसणारं फळ हवं असतं. पण ही कोग्योकु आली होती, म्हणजे नारुमीची तीन झाडं अजून उभी होती. कासाईंनी एक फळ उचललं, बाहीला पुसलं, आणि जिथून घेतलं होतं तिथेच परत ठेवलं.

"पडद्यामागे उभे होतात," शेजारच्या मिकामीबाई स्वयंपाकघराच्या दारातून आत येत म्हणाल्या. "माझ्या अंगणातून तुमचे पाय दिसत होते. मोज्याला भोक पडलंय, तेसुद्धा दिसलं."

"मी निघालोच होतो दार उघडायला."

"त्या पोरीने तीनदा घंटी वाजवली. शेवटी मीच सांगितलं, ठेव बाई इथेच, काका पुस्तकात बुडाले असतील."

मिकामीबाईंनी उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला होता. रोज चारशे मुलांचं जेवण. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून चारशे जणांना पुरेल एवढाच होता.

"काही म्हणाली का ती?" कासाईंनी विचारलं.

"नारुमींची सून ना? म्हणाली, बाबांचा निरोप आहे, ही शेवटची. यंदा छाटणीला झाडं काढणार. खोकं शनिवारी न्यायला येते म्हणाली."

कासाईंनी फळी खोक्यावर पुन्हा नीट बसवली, जणू काही ते उघडलंच नव्हतं. मग ते आतल्या खोलीत गेले, तिसरा खंड काढला, आणि पत्र आणून मिकामीबाईंच्या हातात दिलं. बोलून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

नारुमी इसाओ त्यांच्या वर्गातला. इवाकी डोंगराच्या पायथ्याशी त्याची सफरचंदाची बाग होती. कान गेल्यापासून तो टेलिफोनला हात लावत नसे, आणि पत्र लिहिणं हा त्याचा पिंड नव्हे. आयुष्यात त्याने मोजून तीन-चार लिहिली असतील. म्हणूनच हे त्याने अगदी रीतसर लिहिलं होतं. 'सरत्या शरदाचा गारवा दिवसागणिक वाढत असून आपल्याकडे सर्व कुशल असेल अशी आशा बाळगतो,' इथपासून सुरुवात, जाड बोटांनी जपून काढलेल्या चार ओळी. आणि मग, श्वास संपत आल्यासारखं एकदम: 'फुमिएसान दर वर्षी दोन खोकी कोग्योकु न्यायच्या. आता ती कुणी घेत नाही. तिन्ही झाडं काढून गोड फुजीची लावावी म्हणतो. तुझ्या घरी अजून कुणाला ती हवी असतात का? कळव.'

मिकामीबाईंनी पत्र हात लांब करून वाचलं. कासाईंच्या बायकोच्या नावापाशी त्या क्षणभर थांबल्या.

"हो की नाही, एवढंच तर विचारलंय."

"पत्राला पत्रासारखं उत्तर द्यावं लागतं."

"मग दिलं का नाहीत?"

कासाईंनी टेबलाच्या खणातून कागदांची एक चळत काढली. अकरा कागद होते. प्रत्येकावर एकेकच ओळ होती, सुरेख अक्षरात. 'पहिल्या हिमाची चाहूल लागली असताना.' 'थंडीचा कडाका ऐन भरात असताना.' 'छपरावरचं बर्फ वितळून थेंब थेंब गळत असताना.' 'सफरचंदं बहरण्याचे दिवस जवळ आले असताना.' असं करत करत चळत थेट मावळत्या उन्हाळ्यापर्यंत आली होती. ऋतूची ओळ सोडून एकदम कामाचं लिहायचं म्हणजे बुटांसकट चटईवर चढायचं. ते कासाईंच्या हातून होणं शक्य नव्हतं.

"पहिली ओळ जमायची," ते म्हणाले. "पुढची सुचेपर्यंत ऋतू बदलायचा. शिळा ऋतू कसा पाठवणार? म्हणून मग नवा कागद."

मिकामीबाईंनी अकराच्या अकरा ओळी वाचल्या.

"वाचनालयात होतात तेव्हा माझ्या धाकट्याने पुस्तक दोन दिवस उशिरा आणलं, तर घरी कार्ड पाठवलं होतंत."

"चार दिवस."

"बघा. दुसऱ्याचे दिवस कसे बरोब्बर मोजता."

कासाईंनी कागद टेबलावर ठोकून एकसारखे केले. "पुढे काय लिहू सांगा ना. ती सफरचंदं फुमिएची होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता घरी कुणाला हवी म्हणून लिहू?"

मिकामीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग त्या खोक्याकडे वळल्या.

"आधी शनिवारचं बघू. खोकं रिकामं परत देणार आहात?"

रिकामं खोकं परत करायचं नसतं एवढं कासाईंनाही कळत होतं. "स्टेशनजवळच्या दुकानातून बिस्किटं आणतो."

"त्यांनी बागेतलं फळ पाठवायचं आणि तुम्ही बिस्किटांचा पुडा. छान! फुमिएसान करायच्या तशा पाई करू. त्या छोट्या, एका हातात मावणाऱ्या."

"ओव्हन चालत नाही."

"आणि हे काय आहे?"

कोपऱ्यात शब्दकोशाचे पहिले दोन खंड एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेले होते. खोक्यावर एअर फ्रायरचं चित्र होतं. एकदा गॅस चालू ठेवून कासाई वाचत बसले होते. ते कळल्यावर सेंदाईहून मुलाने तो पाठवला होता. एप्रिलपासून तो वापरायचा राहिला होता, पण वरची माहितीपुस्तिका काढून कासाईंनी तीनदा वाचली होती.

"पुस्तिकेत पाई नाही," त्यांनी सांगून टाकलं. "कोंबडी आहे, मासे आहेत, रताळी आहेत. आणि एकोणीस सूचना आहेत."

"वाचलंय तुम्ही, भाजलंय मी. दोघं मिळून एक माणूस होतो. सुरी कुठाय?"

मिकामीबाई घरी जाऊन शीतपेटीतली तयार पारी घेऊन आल्या, लोण्याचे पदर असलेली, चौकोनी पानांची, कडक गोठलेली. तोवर कासाईंनी सहा सफरचंदांची सालं काढून ठेवली होती आणि टाकायला निघाले होते.

"सालं टाकू नका! तीच तर पाकाला रंग देतात."

सालं कापडात बांधून फोडींबरोबरच शिजत टाकली. साखर विरघळली, लोणी घातलं, आणि थोड्याच वेळात पातेल्यातला रस गुलाबी झाला. तो वास घरात दोन वर्षं आलेला नव्हता. कासाईंनी खिडकी उघडली, आणि जराशाने पुन्हा लावून घेतली.

सारण वाफाळत असतानाच मिकामीबाईंनी पारीचे चौकोन मांडले, चमच्याने सारण घातलं, अर्धं दुमडलं आणि काट्याने कडा दाबत गेल्या. त्यांचा हात डोळ्यांपेक्षा पुढे धावत होता. बघता बघता आठ झाल्या.

"सारण निवलं नाही अजून," कासाई म्हणाले. "आतलं लोणी वितळेल ना पारीचं."

"चारशे पोरांना मी निवण्याची वाट बघत जेवू घातलं असेल का?"

"आणि सूचना क्रमांक सात. टोपलीत गर्दी करू नये. हवा फिरायला जागा..."

"कासाईसान, आठ घरं बांधायची नाहीत, आठ पाई भाजायच्या आहेत. सरका."

आठही पाई एकमेकींना चिकटवून टोपलीत बसल्या. यंत्राचा पंखा घोंघावायला लागला. पाचव्या मिनिटाला आतून काहीतरी फटफट आपटल्याचा आवाज आला. सातव्या मिनिटाला जळका वास. मिकामीबाईंनी टोपली ओढून बाहेर काढली.

वरच्या पापुद्र्यांना पंख्याचा वारा लागून ते उभे राहिले होते आणि काळे पडले होते. खालची बाजू कच्ची, पांढरी. वाफेला वाट नव्हती, म्हणून पाईंनी आपापली वाट काढली होती. तीन पोटात फुटल्या होत्या, दोन कडेला, आणि सगळ्यांचा गुलाबी पाक मिळून टोपलीला चिकटला होता. आठ पाईंची मिळून एक चटई झाली होती.

मिकामीबाईंनी काट्याने एक पाई सोडवून पाहिली; तिच्याबरोबर शेजारच्या दोन आल्या.

"सात नंबर," मिकामीबाई म्हणाल्या.

"आणि बारा," कासाई हळूच म्हणाले. "अर्ध्या वेळाने उलटावे."

"बारा मला आधी सांगितला नव्हतात."

"तुम्ही सातलाच सरका म्हणालात."

मिकामीबाई हसल्या, मग थांबायचं नाव घेईनात. डोळे पुसत त्यांनी उलथन्याने चटई तोडली आणि दोन ताटल्यांत वाढली. "हा घाणा माझा. हा पाहुण्यांना नाही, आपण खाऊ. पुढचा तुमचा. मी हात बांधून बसते."

ते दोघं टेबलाशी बसले. कासाईंनी आपल्या ताटलीतला तुकडा घेतला, त्याची दाबलेली कोरडी कड मोडली आणि समोरच्या ताटलीत ठेवली. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की समोर मिकामीबाई बसल्या आहेत.

"हे काय?"

"माफ करा. सवय. फुमिएला कड फार आवडायची. मी माझीही तिला द्यायचो."

"कड आवडायची?" मिकामीबाईंनी तो तुकडा उचलून पाहिला. "कोण म्हणालं?"

"चाळीस वर्षं बघत होतो मी. आधी कड संपवायची. सारण तसंच राहायचं."

"अहो, राहणारच! तिला आंबट सोसायचं नाही. जिभेला फोड यायचे. लोणच्यातला आलुबुखारसुद्धा मला देऊन टाकायची. कडेला सारण नसतं, म्हणून कड खायची बिचारी." मिकामीबाईंनी कड तोंडात टाकली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

कासाईंच्या हातातला काटा तसाच राहिला.

"पण दर ऑक्टोबरला दोन खोकी..."

"तुमच्यासाठी. माझ्यासमोर बसून सोलायची नि म्हणायची, या माणसाला काय हवं विचारलं की म्हणणार, तुला आवडेल ते. मग ताटलीतलं काय लवकर संपतं ते बघत बसावं लागतं. गोड सफरचंदाच्या पाई दुसऱ्या दिवशीपर्यंत उरायच्या म्हणे. या कधीच उरल्या नाहीत."

कासाईंनी ताटलीकडे पाहिलं. करपलेला पापुद्रा, कच्चं बूड, मधे गुलाबी फोडी. त्यांनी एक फोड काट्यावर घेतली आणि तोंडात घातली. आंबटपणा जबड्याच्या मुळाशी लागला, डोळे आपोआप बारीक झाले, आणि मग सावकाश साखर आली. त्यांनी दुसरी घेतली. ताटलीतलं संपल्यावर, न विचारता, उलथन्यावर उरलेला तुकडा घेतला. तोही संपला तेव्हा मिकामीबाई खिडकीबाहेर बघत होत्या, अगदी मुद्दाम.

"पत्र द्या जरा," कासाई म्हणाले.

मिकामीबाईंनी पत्र सरकवलं. कासाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'तुझ्या घरी अजून कुणाला ती हवी असतात का?' वर्षभर त्यांनी ती ओळ घरात नसलेल्या माणसाबद्दल वाचली होती. त्यांचं बोट 'कुणाला' या शब्दावर बराच वेळ होतं. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि बाह्या वर सारल्या.

"दुसरा घाणा," ते म्हणाले.

सारण त्यांनी ताटात पसरलं आणि खिडकीच्या गार काचेजवळ नेऊन ठेवलं. मिकामीबाईंनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. कासाईंनी एकदाही नाही. बोटाला गार लागलं तेव्हाच पारी शीतपेटीतून बाहेर आली. सारण चमचाभरच, कडेपासून बोटभर आत. कडा अंड्याच्या पांढऱ्याने ओल्या केल्या, काट्याने दाबल्या, वर सुरीने तीन चिरा दिल्या. अंड्याचा पिवळा बलक कुंचल्याने लावताना त्यांची मान एका बाजूला कलली होती, जुन्या पुस्तकाच्या पाठीवर नवा कागद डकवताना कलायची तशी.

"चारच?" मिकामीबाईंना राहवलं नाही.

"चारच."

"संध्याकाळ होईल."

"होऊ दे."

आठव्या मिनिटाला त्यांनी टोपली ओढली आणि चारही पाई एकेक करून उलटल्या. मग पुन्हा सहा मिनिटं. टोपली उघडली तेव्हा आतून बारीक करकर ऐकू आली, पदर सुटताना येते तशी. पाई फुगल्या होत्या, वरून खालून सारख्या बदामी, आणि चिरांमधून गुलाबी रंगाचा एकेक थेंब वर येऊन तिथेच थांबला होता.

मिकामीबाईंनी एक उचलली, उलटी करून बूड पाहिलं, नखाने टकटक वाजवून पाहिलं. चारशे मुलांची तपासणी होती ती.

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

"पुढचे चौकोन भरता का?" कासाई म्हणाले. "चमचाभरच. बोटभर आत."

"मालक, जशी आज्ञा."

तिसरा घाणा टोपलीत गेल्यावर कासाईंनी खणातून एक पोस्टकार्ड काढलं. लेखणीचं टोपण काढून ते उभ्याउभ्याच ओट्यावर वाकले. पंखा घोंघावत होता. मिकामीबाई पुढच्या पाईंच्या कडा दाबत होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या. त्यांच्या मते आता ऋतू शोधण्यात चौथा घाणा जाणार होता. पण तिसरा घाणा उलटायची वेळ झाली तेव्हा कासाई तिकीट चिकटवत होते.

"झालं?"

"झालं."

"इतक्यात? कार्डावर? पत्राला कार्डाने उत्तर देतात का?"

"देत नाहीत," कासाई म्हणाले आणि टोपली ओढून पाई उलटू लागले.

पाचवा घाणाही निघाला. सोळा पाई जाळीवर निवत होत्या. खोक्यात तळाशी कागद पसरून कशा रचायच्या ते मिकामीबाईंनी ठरवून टाकलं होतं. कासाईंनी यंत्राची वायर काढली, दोनदा पाहून खात्री केली, आणि कोट घातला.

"आता कुठे निघालात? कार्ड शनिवारी खोक्यातच टाका की, पाईंच्या वर. सून नेईल."

"टपालाने आलं होतं, टपालानेच जाईल." त्यांनी टोपी शोधली, ती डोक्यावरच होती. "आणि शनिवारपर्यंत माझा धीर टिकेल असं मला वाटत नाही."

मिकामीबाईंनी एप्रन न काढताच चपला सरकवल्या. "चला. मी येते. वाटेतून परत फिरलात तर?"

तांदळाच्या दुकानापाशी लाल टपालपेटी होती. चारची डाक अजून गेली नव्हती. घरांच्या वरून इवाकी डोंगर दिसत होता, माथ्याला यंदाचं पहिलं पांढरं लागलेला. कासाईंनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. मिकामीबाईंनी हात पुढे केला. उघडं कार्ड ते, कुणीही वाचावं, त्यांनी वाचलं.

'नारुमी,

उत्तराला उशीर झाला. झाडं काढू नकोस. मला हवी आहेत. दर वर्षी दोन खोकी. फेब्रुवारीत छाटणीला येतो. करवत जमणार नाही, पण बर्फातून फांद्या ओढीन.

कासाई'

"'मला हवी आहेत,'" त्यांनी मोठ्याने म्हणून पाहिलं. तांदळाच्या दुकानदाराने मान वर केली. "असं सरळ?"

"सरळ."

"आणि ऋतू?"

कासाईंनी डोंगराकडे पाहिलं. "तो नारुमीच्या बागेतच राहतो. त्याला मी तो काय सांगायचा?"

मिकामीबाईंनी कार्ड परत दिलं. कासाईंनी ते घेतलं, आणि पुन्हा न वाचता पेटीत टाकलं.